सॉर्ट केलं की पळतं कसं?

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकीत काय किंवा साताऱ्याच्या कॉलेजांत काय, कोड लिहिणाऱ्याला हे कोडं कधी ना कधी गाठतंच: ३२,७६८ आकड्यांतून १२८ आणि त्यापुढचे तेवढे बेरजेला घ्यायचे. कोड तोच, आकडे तेच. पण ॲरे आधी सॉर्ट केला तर काम झटकन उरकतं. २०१२ मध्ये गाजलेल्या एका चाचणीत ११.५४ सेकंदांचे १.९३ झाले! मेख ‘इफ’मध्ये आहे. प्रोसेसर उत्तराची वाट बघत नाही. मागचा कल पाहून अंदाज बांधतो नि पुढची कामं सुरू करतो. अंदाज हुकला की ती सगळी रद्द, दहा-वीस सायकल पाण्यात. सॉर्ट केलेल्या ॲरेत आधी सगळे लहान, मग सगळे मोठे, म्हणून अंदाज क्वचितच हुकतो. हल्लीचे कंपायलर मात्र ऑप्टिमायझेशन लावलं की बऱ्याचदा तो ‘इफ’च उडवतात, मग फरक उरत नाही, आणि सॉर्टिंगचा वेळ उगाच अंगावर पडतो.