गोळी आणि गाडी

गेल्या शनिवारी आसगावला घरी होतो. नाक गळत होतं म्हणून आईने रात्री डब्यातली सर्दीची गोळी दिली. सकाळी नागपूरला निघायला किल्ली उचलली, तर डोळे जडच! तोंडावर पाणी मारलं, दोन कप चहा झाला, तरी डोकं ढिम्म. शेवटी पवनीहून एस.टी. पकडली.

मित्र हसला. "दारू थोडीच पेलास बे, गोळीनं का होते?"

इथेच गल्लत होते. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते अंगातून निम्मं उतरायलाच साधारण २० तास लागतात. झोपेच्या झोल्पिडेमचा असर सकाळच्या ड्रायव्हिंगवर पडतो, म्हणून २०१३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने स्त्रियांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १८५ सुद्धा दारूबरोबर 'ड्रग'चं नाव घेतं. पण पोलिसांच्या फुंकायच्या यंत्राला फक्त दारू कळते! म्हणजे गोळीवर पहारा आपला आपणच ठेवायचा.

असो. पुढच्या वेळी गोळी घेताना डॉक्टरांना एवढंच विचारा, "गाडी कधी चालवू?" या प्रश्नाची वेगळी फी नसते.