अ‍ॅपची निवड आणि घरची बोली

लहान मुलांच्या मोबाइल-अ‍ॅपवर 'शैक्षणिक' असा शिक्का बहुधा ते अ‍ॅप तयार करणाराच मारत असतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाला विषयतज्ज्ञांच्या समितीची चाळणी लागते; प्ले स्टोअरवरून, म्हणजे ज्या दालनातून अ‍ॅप फोनमध्ये उतरवून घेतले जाते तेथून, मिळणाऱ्या अ‍ॅपला अशी चाळणी लागलेली असेलच असे नाही. त्यामुळे निवडीची सारी जबाबदारी पालकावर येते आणि पालकाच्या हाती निकष म्हणून उरतात ते तारांकित गुण, रंगीबेरंगी चित्रे आणि शेजारच्या घरातील मुलाचा अनुभव. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हा प्रश्न उन्हाळ्यात विशेष तीव्र होतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, शाळेला सुट्टी असते, भर दुपारी मुलांना अंगणात सोडणे शक्य नसते आणि घरातील मोठी माणसे कामात गुंतलेली असताना मुलाला घरात बसवून ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणून फोन त्याच्या हाती दिला जातो. फोन मुलाच्या हाती द्यावा की नाही हा वाद बहुतेक घरांत केव्हाच मागे पडला आहे. त्या फोनमध्ये काय असावे हा प्रश्न मात्र अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करताना कॅथी हर्श-पासेक, रॉबर्टा गोलिंकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध अजूनही आधारभूत ठरतो. अमेरिकेतील या बालविकास-अभ्यासकांनी मूल कसे शिकते याविषयीचे तोवरचे संशोधन एकत्र करून असे मांडले की, शिकण्याचे निश्चित उद्दिष्ट समोर असताना मुलाचे मन सक्रिय असेल, ते विचलित न होता गुंतलेले असेल, जे समोर येते ते त्याच्या आयुष्याशी जोडलेले म्हणजे अर्थपूर्ण असेल आणि त्या शिकण्यात दुसऱ्या माणसाचा सहभाग असेल, तरच अ‍ॅपला शैक्षणिक म्हणावे. या चारही कसोट्या ऐकायला सोप्या असल्या तरी बाजारात मिळणारी अनेक अ‍ॅप्स पहिल्याच कसोटीला अडखळतात. मुळाक्षरांच्या एखाद्या सर्वसाधारण मराठी अ‍ॅपमध्ये 'अ' वर बोट टेकवताच अननस उड्या मारतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि 'शाब्बास' असा आवाज येतो. त्याच वेळी चुकीच्या अक्षरावर बोट टेकले तरी काहीतरी नाचतेच आणि काहीतरी वाजतेच. चार वर्षांचे मूल यातून जे शिकते ते अक्षर नव्हे. काचेवर बोट टेकवले की गंमत होते, एवढेच ते शिकते. बोटाची हालचाल आणि मनाची हालचाल यांतील हा फरक ओळखण्यासाठी पालकाने दहा मिनिटे अ‍ॅप स्वतः खेळून पाहावे आणि डोळे मिटून कुठेही बोट लावले तरी कौतुक होते का, एवढे तपासावे. होत असेल, तर त्या अ‍ॅपला शैक्षणिक म्हणण्याचे कारण नाही.

तिसरी कसोटी, अर्थपूर्णतेची, जळगाव-धुळे ज्यात येतात त्या खान्देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रावेर-यावलच्या पट्ट्यातील मुलाने अननसाचे शेत पाहिलेले नसते. केळीचा घड, त्याची फणी आणि खाली लोंबणारे केळफूल मात्र चालायला शिकण्याच्या वयापासून त्याच्या डोळ्यांसमोर असते. अशा मुलाला 'अ' शिकवताना अननस आणि 'क' शिकवताना कमळ दाखवणारे अ‍ॅप चुकीचे ठरत नाही, पण मुलाच्या मनात आधीच साठलेल्या भांडवलाचा ते काहीच उपयोग करून घेत नाही. भाषेच्या बाबतीत तर हे अंतर आणखी वाढते. धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या मोठ्या भागात घरी अहिराणी बोलली जाते, जळगावच्या पूर्वेकडे लेवा गणबोली आहे आणि शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी. भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात खान्देशीची स्वतंत्र नोंद झाली आणि २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली, ज्यात अहिराणीही मोडते, नोंदलेल्यांची संख्या १८ लाखांवर होती. इतकी मोठी बोली असूनही अ‍ॅपच्या भाषा-यादीत 'मराठी' हा एकच पर्याय असतो आणि ती मराठी बहुधा शहरी, छापील वळणाची असते.

याचा परिणाम उच्चार ऐकणाऱ्या अ‍ॅप्समध्ये स्पष्ट दिसू शकतो. गूगलचे 'रीड अलाँग' हे वाचन-अ‍ॅप याचे चांगले उदाहरण आहे. ते २०१९ मध्ये 'बोलो' या नावाने भारतात आले आणि पुढे त्यात मराठीचाही समावेश झाला. पडद्यावर गोष्टीचे वाक्य येते, मूल ते मोठ्याने वाचते, 'दिया' नावाचे सोबती-पात्र ते ऐकते आणि मूल अडखळले तर तो शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेट नसतानाही हे सारे चालते. मुलाला मोठ्याने वाचायला लावणारी आणि चुकल्यावर न रागावणारी ही रचना निश्चितच वाखाणण्याजोगी आहे. मात्र अशा यंत्रणेला ध्वनिओळख, म्हणजे बोललेला आवाज आधी साठवलेल्या नमुन्यांशी ताडून शब्द ठरवण्याचे तंत्र, वापरावे लागते आणि ते नमुने ज्या वळणाचे असतील त्या वळणाचाच उच्चार तिला सहज कळतो. खान्देशातील बोलींत 'ळ' च्या जागी 'य' येतो: डोळा हा 'डोया', काळा हा 'काया' आणि केळे हे 'केयं' होते. शिंदखेड्याच्या एखाद्या मुलीने 'काळा' हा शब्द ओळखून, अर्थ समजून 'काया' असे वाचले, तर तिला वाचता आले की नाही? कोणताही शिक्षक म्हणेल, वाचता आले. यंत्र ते मान्य करीलच याची खात्री देता येत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलीला आपल्या आजीचा शब्द चुकीचा आहे असे वाटण्यासाठी एवढे पुरेसे असते. म्हणूनच असे अ‍ॅप निवडताना शेजारी बसणारे माणूस गृहीत धरावे लागते, जे सांगेल की घरात 'काया' म्हणतात, पुस्तकात 'काळा' लिहितात आणि दोन्ही आपलेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ते तत्त्व फोनच्या पडद्यापर्यंत पोहोचवणे अजून बाकी आहे.

येथे चौथी कसोटी, माणसाच्या सहभागाची, आपोआप पुढे येते. खान्देशातील असंख्य घरांत एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांबरोबर शेतात, बाजार समितीत किंवा एमआयडीसीत जातो आणि संध्याकाळी घरी परततो. शिक्षणविषयक चर्चेत ही उणीव मानली जाते. प्रत्यक्षात सहा-सात वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती जमेची बाजू आहे, कारण फोन घरात येतो तेव्हा तो ज्याचा आहे ते मोठे माणूसही घरात असते आणि पडद्यावर दोनाऐवजी चार डोळे राहू शकतात. मुलाने एकट्याने, कानाला हेडफोन लावून वापरण्यासाठी केलेले अ‍ॅप या घराला शोभत नाही. दोघांनी मिळून वापरण्यासारखे अ‍ॅप शोभते. प्रथम बुक्सचा 'स्टोरीवीव्हर' हा २०१५ मध्ये सुरू झालेला चित्रकथांचा मोफत मंच या दृष्टीने कोणत्याही चकाकत्या खेळापेक्षा सरस आहे. त्यावर मराठीत स्तरांनुसार लावलेल्या सचित्र गोष्टी आहेत, पहिल्या स्तरावर एका पानावर जेमतेम एखादे वाक्य असते, आणि चित्र पाहून आई-वडिलांनी गोष्ट अहिराणीत सांगितली तरी अडवणारे कोणी नसते. कोरोनाकाळात राज्याच्या शिक्षण विभागाने 'गोष्टींचा शनिवार' हा उपक्रम याच गोष्टींच्या आधारे चालवला होता. केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे २०१७ मधील अ‍ॅप त्या मानाने पाठ्यपुस्तकाला बांधलेले आहे; बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींची खूण, फोनच्या कॅमेऱ्याने टिपली की त्या धड्याचे साहित्य उघडते. पहिलीपासून पुढच्या मुलांना ते उपयोगी आहे, अंगणवाडीच्या वयाला फारसे नाही.

मोफत अ‍ॅपची किंमत मात्र कुठेतरी चुकवावी लागते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ अ‍ॅप्स तपासली, तेव्हा त्यांतील १२९ अ‍ॅप्समध्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची जाहिरात आढळली. ही जाहिरात नेहमी जाहिरातीच्या वेशात येत नाही. खेळातील लाडके पात्रच काहीतरी विकत घ्यायला सुचवते आणि मुलाने नकार दिला तर रडवेले होते. जाहिरात बंद करण्याची फुली इतकी बारीक असते की लहान मुलाचे बोट तिच्यावर पडण्याऐवजी जाहिरातीवरच पडते आणि पुढच्या क्षणी भलतेच पान उघडते. या वयाच्या मुलाला गोष्ट आणि विक्री यांतील सीमारेषा कळत नाही, म्हणून ती त्याने ओळखावी अशी अपेक्षा ठेवणेच अन्यायाचे आहे. एक परीक्षा कोणत्याही पालकाला करता येते: अ‍ॅप उतरवून घेतल्यावर फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे सर्व बाहेरची जोडणी तोडणाऱ्या स्थितीत, टाकावा आणि मग ते उघडावे. जे अ‍ॅप तेव्हाही पूर्ण चालते ते जाहिरातीवर जगत नसण्याची शक्यता अधिक असते. शिवाय सातपुड्याच्या कुशीतील पाड्यावरच्या किंवा ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या मुलासाठी, जेथे नेटवर्क मिळेल याची शाश्वती नाही, तेच कामाचे असते. अक्षरे शिकवणाऱ्या अ‍ॅपने फोनमधील संपर्क-यादी किंवा ठिकाणाची माहिती मागितली तर ते तत्काळ काढून टाकावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. परंतु कायद्याचा हात घरातील पडद्यापर्यंत पोहोचण्याआधी पालकाचाच हात तेथे असतो.

वेळेच्या मर्यादेबाबत फार मतभेद नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभा एकच आहे: दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. ज्या अ‍ॅपमध्ये एक खेळ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, ते ही मर्यादा पाळू देणार नाही हे उघड आहे.

धुळे जिल्ह्याला तंत्रज्ञान आणि शिक्षण यांच्या मेळाचा स्वतःचा अनुभव आहे आणि या निवडीत तो मोलाचा ठरावा. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात काम केलेले हर्षल विभांडिक यांनी गेल्या दशकाच्या मध्यावर जिल्हा परिषद शाळा डिजिटल करण्याची मोहीम हाती घेतली, गावोगावी सभा घेतल्या आणि जिल्ह्यातील अकराशेच्या आसपास शाळांपर्यंत ती पोहोचली. त्या मोहिमेचे वैशिष्ट्य उपकरणांत नव्हते, तर खर्चाचा मोठा वाटा गावांनी स्वतः उचलण्यात होते. ज्या वस्तूसाठी गावाने सभा घेऊन वर्गणी दिली, ती शाळेत कशी वापरली जाते हे विचारण्याचा हक्कही गावाकडे आला. घरातील फोनच्या बाबतीत नेमका हाच हक्क अजून बजावला जात नाही. रिचार्जचे पैसे घर देते आणि मुलाने काय पाहायचे ते कुठला तरी दूरचा व्यापारी ठरवतो.

चांगल्या अ‍ॅपची यादी वाचून हे बदलणार नाही, कारण खान्देशातील मुलांना सर्वांत जवळचे वाटेल असे साहित्य त्या यादीत पुरेसे नाहीच. ते येथेच तयार व्हावे लागेल, आणि ते कसे होऊ शकते याचे उदाहरणही येथलेच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरच्या ओव्या घरातल्यांनी लिहून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक होऊ शकले. असे लिहून ठेवलेले घरोघरी पोहोचवण्याचे साधन आज हाताशी आहे: स्टोरीवीव्हरवरील गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही त्यांचे भाषांतर करण्याची, त्या छापण्याची आणि वाटण्याची मुभा आहे, आणि तो मंच आज ३०० हून अधिक भाषांत चालतो. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या भाषा-विभागाने आणि अहिराणीत लिहिणाऱ्या लेखकांनी एकत्र येऊन अहिराणी, लेवा गणबोली आणि पावरीतील गोष्टी लिहाव्यात, गावातल्या आज्यांच्या आवाजात त्या ध्वनिमुद्रित कराव्यात आणि पुढच्या उन्हाळी सुट्टीपूर्वी अंगणवाडी सेविकांच्या फोनवर पोहोचवाव्यात. तोवर पालकांनी निदान मुलाच्या हाती फोन देण्याआधी त्यातील अ‍ॅप स्वतः उघडून पाहावे आणि फोन दिल्यावर त्याच्या शेजारी बसावे.