हात कोणी वर केला?



सरकारी मदत हवी ना? मग आधी लघवीची तपासणी करून घ्या आणि नशा करत नाही हे सिद्ध करा. असा कायदा अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात २०११ साली झाला. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्यावर सही केली. मदत होती मुलंबाळं असलेल्या गरीब कुटुंबांसाठी. ती मागणाऱ्यांत एकट्या आयाच जास्त. तपासणीचा खर्चही आधी त्यांनीच करायचा. नशेचा अंश सापडला नाही, तर पैसे परत.

चार महिन्यांत ४,०८६ जणांची तपासणी झाली. नशेचा अंश सापडला १०८ जणांत. म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत! बाकीच्यांचे पैसे परत करण्यात १,१८,१४० डॉलर गेले. एकट्याने मूल वाढवणारा एक माजी नौसैनिक कोर्टात गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये कायद्याला स्थगिती मिळाली आणि २०१३ च्या अखेरीस कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. गरिबी हे काही कुणाची झडती घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

पण गोष्ट इथे सुरू झाली नव्हती. राज्यांना अशा तपासणीची मुभा दिली ती १९९६ च्या केंद्रीय कायद्याने. सेनेटमध्ये तो ७८ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झाला. गरिबांची बाजू घेतो म्हणणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्याही निम्म्याहून अधिक सेनेटरांनी बाजूने मत दिलं. अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. मिनेसोटाचे पॉल वेलस्टोन यांनी मात्र विरोधात मत दिलं. त्या वर्षी त्यांची निवडणूक होती. त्यांच्या पक्षाच्या ज्या सेनेटरांना त्या वर्षी पुन्हा निवडून यायचं होतं, त्यांत विरोधात मत देणारे ते एकटेच. तरीही नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले.

हे मला आज सांगता येतं, कारण तिथे प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदलेलं आहे. आपल्याकडे? संसदेत आणि विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'चा गलका मोठा, की झालं. कोण काय म्हणालं, त्याची नोंद नाही. एखाद्या सदस्याने मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच नावं कागदावर येतात.

मी स्वतः किती आमदार-खासदारांना निवेदनं दिली! चहा झाला, आश्वासन मिळालं, फोटोही निघाला. पण सभागृहात तुम्ही काय केलंत, हे मी एकदाही विचारलं नाही. ही चूक माझी आहे, आणि कदाचित आपल्या सगळ्यांचीच.

म्हणून यापुढे बायकांच्या प्रश्नावरचं विधेयक येणार असेल, तेव्हा आपल्या प्रतिनिधीकडे दोन गोष्टी मागू या. मतविभागणी मागा, आणि तुमचं मत आम्हांला लेखी कळवा. उत्तर आलं तर गटाच्या बैठकीत वाचू या. नाही आलं, तर तेही वहीत तारखेनिशी लिहून ठेवू या. पुढच्या निवडणुकीत ती वही आपल्या कामी येईल.