सिस्टरांची शिकवणी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधले दोन महिने जळगाव-धुळे अशा फेऱ्यांत गेले. निमित्त होतं काकांच्या पायाचं. घरच्या मंडळींना सगळं ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकांना 15 वर्षांपासून मधुमेह. मे महिन्यात भर दुपारी देवळात जाऊन त्यांनी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. जळगावचा मे म्हणजे 44-45 अंश! फरशीने तळपाय भाजला आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. आधी फोड, मग जखम आणि शेवटी एक बोट काढावं लागलं.

ज्या दवाखान्यात ते काढलं (नाव नको) तिथून घरी सोडताना कागदावर एक ओळ होती, ‘पायाची काळजी घ्यावी’. खाली ‘सर्व समजावून सांगितले’ आणि काकांची सही. आता काळजी घ्यावी म्हणजे काय करावं? काकांनी आपल्या परीने घेतली. रोज गरम पाण्यात पाय शेकायला सुरुवात केली! बधिर पायाला गरम पाणी म्हणजे पुन्हा तेच.

नंतर ते धुळ्याला माझ्या चुलत भावाकडे राहायला गेले. तिथे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर पहिल्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत, फक्त विचारत राहिल्या. बाबा, सकाळी उठून काय काय करता? चप्पल कुठे काढता? देवळात किती वाजता जाता? पाय कोण बघतं? मग त्यांनी सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. देवळात जायचं, पण ऊन चढायच्या आत, आणि आत मोजे घालून. आंघोळीचं पाणी आधी वहिनीने कोपराने बघायचं. रात्री झोपताना आरसा जमिनीवर ठेवून तळपाय त्यात बघायचा. चप्पल घालण्याआधी झटकायची. आणि शेवटी म्हणाल्या, "आता तुम्ही मला शिकवा बरं, मी पेशंट." काकांनी शिकवलं. मोजे विसरले, तर त्यांनी पुन्हा विचारलं.

यात पाच-सात मिनिटं गेली असतील. देवळात जाऊ नका असं त्या म्हणाल्या असत्या तर काका तिथे पुन्हा गेले नसते. देवळात नव्हे हो, त्या सिस्टरकडे!

माझ्या एक मामी नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांच्या पोतडीतून गोष्टी निघायला लागल्या. एका मावशींना ‘उद्या रक्त तपासायला उपाशी या’ असं सांगितलं होतं. मावशी आल्या साबुदाण्याची खिचडी खाऊन आणि वर दोन केळी! ‘उपास’च केला होता की त्यांनी. तेव्हापासून मामी ‘पाणी सोडून तोंडात काही घालायचं नाही’ असंच सांगायच्या. आणि समोरची बाई खेड्यातली असली की अहिराणीत. मामी मूळच्या खानदेशातल्या नव्हेत, पण भाषा वॉर्डात शिकल्या. धुळ्याच्या वॉर्डात साक्री-शिरपूरकडची भिल्ल, पावरा माणसं येतात. त्यांना पुस्तकी मराठीतून सूचना देणं म्हणजे माझ्यासमोर जर्मन बोलण्यासारखं.

मिठाचंच बघा. बीपीच्या पेशंटला सगळे सांगतात, मीठ कमी खा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आपल्याकडचा माणूस यावर प्रामाणिकपणे सांगतो, "आम्ही वरून मीठ घेतच नाही." खरंच घेत नाही. पण पापड, बिबडे, लोणचं, ठेचा, शेवभाजीतली शेव? पापडखारातही सोडियमच असतं, हे किती जणांना माहीत असतं? मामी म्हणून पेशंटला विचारतच नसत, सोबत आलेल्या सुनेला विचारत, उन्हाळ्यात किती किलोचे पापड घातले? उत्तर ऐकून पुढचं बोलणं ठरायचं. नर्सिंगच्या विद्यार्थिनी तक्ते करून ‘हेल्थ टॉक’ देतात, ते चांगलंच आहे, पण त्या तक्त्यावरच्या ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा मी तरी कधी पाहिला नाही.

इन्सुलिन तर आणखी नाजूक प्रकरण. आपल्याकडे 40 युनिटची बाटली मिळते आणि 100 युनिटचीही. 40 च्या सिरिंजला लाल टोपण, 100 च्या सिरिंजला नारिंगी. 100 ची बाटली आणून लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीच्याच आकड्यापर्यंत भरली की डोस अडीचपट! शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. ही टोपणं शेजारी शेजारी ठेवून दाखवायला हवीत, कागदावर लिहून भागत नाही. आणि फ्रिज नसेल तर? मामी दोन मडकी सांगायच्या. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आणि बाटली त्या लहान मडक्यात, कोरडी. खानदेशच्या उन्हाळ्यात ही दोन मडकी लाखमोलाची.

जुलाबाच्या बाळांचंही तेच. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पण घरी ती पेल्यात कालवली जाते. झिंकची गोळी 14 दिवस द्यायची, ती जुलाब थांबले की बंद होते. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि माणसं वाचली. घरच्यांना शिकवता येतं याचा याहून मोठा पुरावा कशाला हवा?

आता माझी तक्रार. नर्सच्या नोंदींत इंजेक्शनं येतात, ड्रेसिंग येतं, ताप-बीपी येतो. शिकवण्यात गेलेली पाच मिनिटं एका टिकमार्कात संपतात. शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 आणि इतर रुग्णालयांत 5 रुग्णांमागे 1 नर्स असावी, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. रात्रपाळीला एका सिस्टरच्या अंगावर आख्खा वॉर्ड ज्याने पाहिलाय त्याला यावर हसावं की रडावं कळणार नाही. ज्या कामाची मोजदाद नाही, ते घाईत सगळ्यात आधी गळतं.

सगळ्या सिस्टर्स अशा असतात असंही नाही हं. काही जणी नुसत्या खेकसतात, "सांगितलं होतं ना गोड खाऊ नका!" मग पेशंट पुढच्या वेळी सरळ खोटं बोलतो. त्यांचा थकवा मला समजतो, पण रागावण्यालाच शिकवणं समजण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे (शाळा आठवा!).

2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, 2023 मध्ये नाव बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. तिथे तिशीपुढच्या लोकांची बीपी-शुगर तपासतात. फार चांगली गोष्ट. पण आकडा कळल्यावर पुढे कसं जगायचं, हे तिथेही कुणीतरी बसून सांगावं लागणारच ना?

मला विचाराल तर घरी सोडायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटमागे पंधरा मिनिटं नर्सच्या ड्युटीत धरावीत, आणि त्या वेळी घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला बोलवावं. पेशंटने उलटं सांगून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये. हे मोठ्या उत्साहाने मामींना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, आधी वॉर्डात एक बाकडं तर ठेवायला सांग. सुनेला बसवायचं कुठे?"