रँकिंगच्या पुढचे रकाने

बारावीचा निकाल लागला की आमच्या लष्करी वसाहतींत एकच विषय चालतो, 'रँकिंग किती?' जवान असो, जेसीओ असो की अधिकारी, मोबाईल पुढे करतो, कॉलेजांची यादी दाखवतो आणि विचारतो, यातलं कुठलं घ्यावं? माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉलेज निवडायला इंटरनेटवरची आकडेवारी वापरावी, भरपूर वापरावी. पण सगळे ज्या आकड्याकडे पहिल्यांदा बघतात, तो सगळ्यात कमी उपयोगाचा. आणि फौजी माणसाच्या मुलांसाठी जो रकाना सगळ्यात मोलाचा, तो बहुतेकांनी उघडलेलाच नसतो.

माझ्यावर स्वतः कॉलेज निवडायची वेळ आली नाही. यूपीएससीची परीक्षा, मग एसएसबी, मग थेट खडकवासला. पदवी मिळाली जेएनयूची, ज्या विद्यापीठाचं आवार तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. त्यामुळे या विषयाकडे मी बराचसा बाहेरून बघतो. त्याचा एक फायदा असा की कुठल्याच कॉलेजचा अभिमान आड येत नाही.

सध्या पोस्टिंग रायपूरला. पंडरीच्या कापड बाजारात आमच्या घरच्यांबरोबर जाणं होतं. तिथं बायका कापड घेताना बघण्यासारख्या असतात. दुकानदार वरची घडी दाखवत राहतो आणि त्या सरळ कापड उलटं करतात, बोटांत चुरगाळतात, काठ ओढून बघतात. दोन-चारशे रुपयांच्या मालाला एवढी तपासणी. त्याच बाजाराबाहेर 'शंभर टक्के प्लेसमेंट'चे फलक लागलेले असतात, आणि तिथं मात्र चार वर्षं आणि काही लाख रुपये देणारा बाप वरची घडी बघून खूश होतो.

आमच्याकडे एक सुभेदार साहेब आहेत, मूळचे सातारा जिल्ह्यातले. (फौजेत मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला साहेब म्हणतात, बाहेरच्यांना याची गंमत वाटते.) त्यांची मुलगी यंदा इथल्याच केंद्रीय विद्यालयातून बारावी झाली. त्यांनी एक खासगी संकेतस्थळ उघडलं, 'कॉलेजांची तुलना करा'वर बोट ठेवलं, त्यानं फोन नंबर मागितला, तो दिला. त्या दिवसापासून त्यांना रोज सात-आठ फोन येऊ लागले, सगळे 'कौन्सेलर'चे. एकानं तर जागा धरून ठेवायला पंचवीस हजार भरायला सांगितले. पैसे भरण्याआधी ते माझ्याकडे आले, हे बरं झालं.

"साहेब, याचा नंबर बघा आणि त्याचा बघा. फरक आहे की नाही?"

फरक होता. पण कसला, हे विचारायला हवं. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१५ साली जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ला आली. इंजिनिअरिंगसाठी तिच्यात शिक्षण आणि साधनसामग्रीला ३० टक्के वजन आहे, संशोधनाला आणखी ३०, विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं याला फक्त २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. म्हणजे प्राध्यापकांचे शोधनिबंध वाढले तर नंबर वर जातो. ते चांगलंच आहे, पण बी.टेक.ला जाणाऱ्या मुलीला त्यातलं वाट्याला किती येणार? शिवाय पहिल्या शंभरानंतर स्वतंत्र क्रमांक नसतातच, १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट असतात.

मग एनआयआरएफ टाकून द्यायचं का? अजिबात नाही. क्रमांकाच्या मागे प्रत्येक कॉलेजनं सरकारला दिलेला तक्ता असतो आणि तो कुणालाही उघडता येतो. त्यात किती मुलं पहिल्या वर्षाला आली, किती ठरलेल्या चार वर्षांत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे ओळीनं लिहिलेलं असतं. समजा १२० मुलं आली, ८० वेळेत पास झाली, त्यातली ४० नोकरीला लागली आणि त्यांचा मधला पगार ६ लाख. फलकावर येतात ते ६ लाख, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाद्याच मुलाचे २० लाख. बापानं बघायचं १२० आणि ४०. आम्ही दोन कॉलेजांचे तक्ते शेजारी ठेवून एवढंच केलं. नंबरानं खाली असलेल्या कॉलेजात पास होणाऱ्यांचं आणि नोकरी लागणाऱ्यांचं प्रमाण वरच्यापेक्षा चांगलं निघालं. सुभेदार साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत.

तरी हे आकडे कॉलेजनं स्वतः दिलेले असतात. योगायोग असा, की एनआयआरएफ जाहीर झालं त्याच सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत ओबामा सरकारनं 'कॉलेज स्कोअरकार्ड' नव्या रूपात आणलं. त्यात पगाराचा आकडा कॉलेजला विचारत नाहीत. सरकारी मदत घेऊन शिकलेल्या विद्यार्थ्यांची कमाई सरकार करखात्याच्या नोंदींतून काढतं. आपल्याकडेही भविष्यनिर्वाह निधीच्या आणि आयकराच्या नोंदी आहेत, आधार आहे. नावं न उघडता हे जुळवणं अशक्य नाही, फक्त ते करायचं ठरवायला हवं. तोपर्यंत कॉलेजच्या तोंडचा आकडा तेवढ्याच विश्वासानं घ्यावा. नॅकच्या ग्रेडचंही तसंच. फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयनं नॅकच्या तपासणी पथकाच्या अध्यक्षासह दहा जणांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली होती. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, नॅक अख्ख्या संस्थेला ग्रेड देतं, एनबीए एकेका शाखेला मान्यता देतं. मुलगी ज्या शाखेत जाणार तिला एनबीए आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायचाच.

आता फौजींचा रकाना. एनआयटीत निम्म्या जागा 'होम स्टेट'च्या असतात, आणि होम स्टेट म्हणजे तुमचं गाव नव्हे. मुलानं बारावी ज्या राज्यातून केली ते राज्य. साताऱ्याच्या सुभेदाराची मुलगी रायपूरला बारावी झाली, तर एनआयटीपुरती ती छत्तीसगडची. महाराष्ट्रातली एकमेव एनआयटी म्हणजे नागपूरची व्हीएनआयटी तिला परराज्याची, आणि पंडरीहून ऑटोनं जाता येईल अशी एनआयटी रायपूर घरची. १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून सुरू झालेली ही संस्था २००५ साली एनआयटी झाली. (१९५६च्या ऑक्टोबरपर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. तेव्हा हा प्रश्नच आला नसता.) होम स्टेट आणि अदर स्टेट यांच्या क्लोजिंग रँकमध्ये बऱ्याचदा हजारोंचा फरक पडतो. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांचे प्रत्येक फेरीचे आकडे आहेत. मुलींसाठी २०१८पासून जादा जागाही आहेत, त्यांची ओळ वेगळी असते. साहेबांनी आतापर्यंत पाहिली होती ती 'अदर स्टेट' आणि 'जेंडर न्यूट्रल'ची ओळ, म्हणजे चारांतली तिच्या सगळ्यात कमी कामाची.

महाराष्ट्राचा हिशोब उलटा आहे. सीईटी सेलच्या कॅप प्रवेशात मुलानं दहावी-बारावी बाहेर केली तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर तो टाइप 'बी'मध्ये बसतो, आणि सेवेत असलेल्या महाराष्ट्रीय सैनिकाच्या मुलाला 'डेफ-२', माजी सैनिकाच्या मुलाला 'डेफ-१'. कटऑफच्या यादीत 'डीईएफ'नं सुरू होणारे संकेत असतात, ते शोधून वाचा. त्यासाठी वडिलांचा अधिवास दाखला आणि पुस्तिकेतल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते युनिटच्या ऑफिसातून शेवटच्या दिवशी मिळत नाही. फीसाठी खासगी कॉलेजच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्रसिद्ध करतं. निवृत्त मंडळींनी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्तीही पाहावी, मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये.

ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत, त्यांनी तर हे यंदाच बघावं. कुटुंब गावी ठेवायचं, जुन्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये ठेवायचं की बरोबर न्यायचं, हे आपण घरभाडं आणि सासू-सासऱ्यांची तब्येत बघून ठरवतो. त्याच निर्णयानं मुलाचं होम स्टेटही ठरतं, आणि अकरावीत नाव घातल्यावर ते बदलणं अवघड.

सुभेदार साहेबांची मुलगी बापापेक्षा हुशार निघाली. तिनं वहीच्या एका पानावर पाच कॉलेजं लिहिली, पुढे आलेली मुलं, वेळेत पास झालेली, नोकरीला लागलेली, मंजूर फी आणि आपल्या ओळीतला मागच्या तीन वर्षांचा क्लोजिंग रँक. सहावा रकाना तिनं स्वतःच काढला, 'हॉस्टेलला पहिल्याच वर्षी जागा मिळते का'. याचं उत्तर कुठल्याच संकेतस्थळावर सापडलं नाही. त्यासाठी बाप-लेक पुढच्या शनिवारी नागपूरला चाललेत, रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आहे.