हजेरीपटावरचा वाद्यवृंद

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाकडे माजी विद्यार्थी कर्जासंबंधी सल्ला विचारावयास येतात, यात नवल नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आलेला एक तरुण मात्र ज्या यंत्रसामग्रीसाठी कर्ज काढू पाहत होता, ती ऐकून मी काहीसा गोंधळलो. हा तरुण मालिकांना व लघुपटांना पार्श्वसंगीत देतो. त्याला हवा होता चौसष्ट गिगाबाइट स्मृतीचा एक संगणक, आणि त्या संगणकात त्याला बसवावयाचा होता एक संपूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंद. “एकदा टेम्प्लेट उभे राहिले, सर, की पुढचे काम झपाट्याने होईल,” असे तो म्हणाला. कर्जाचा विचार करण्यापूर्वी हे टेम्प्लेट म्हणजे काय प्रकरण आहे हे समजून घ्यावे, म्हणून मी त्याच्या डोंबिवलीच्या खोलीत दोन दुपारी जाऊन बसलो. जे पाहिले ते संगीताच्या विद्यार्थ्यांइतकेच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही पाहावे असे आहे.

टेम्प्लेट म्हणजे साचा. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना छापील नमुना म्हटले तर अधिक चटकन समजेल. संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या पाटीपासून आरंभ करण्याऐवजी रचनाकार एक फाइल कायमची तयार करून ठेवतो. तीत प्रत्येक वाद्याची ओळ अगोदरच आखलेली असते. वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. त्याखाली हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. मग टिंपनी व इतर तालवाद्ये, हार्प. आणि तळाशी पहिली व दुसरी व्हायोलिने, व्हिओला, चेलो आणि डबल बास. पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या पानावर वाद्यांचा जो परंपरागत क्रम असतो, तोच हा. प्रत्येक ओळीला एखाद्या ध्वनिसंग्रहातील वाद्य जोडलेले असते. हे ध्वनी कृत्रिम नसतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. व्हिएन्ना किंवा लंडन येथे खऱ्या वादकांना बसवून एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात, लांब कमानीने, तुटक, बोटाने छेडून असा निरनिराळ्या तऱ्हांनी ध्वनिमुद्रित केलेला असतो. २०१९ साली तर बीबीसीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचाच असा संग्रह बाजारात आला.

ओळी आखल्या म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. प्रत्येक गटाचा आवाज कोठून कोठे वाहत जावा, सभागृहाचा घुमारा कोणाला किती द्यावा, चित्रपटाच्या अंतिम मिश्रणासाठी तंतुवाद्ये व पितळी वाद्ये वेगळी कशी काढून द्यावीत, हे सारे पाट अगोदर खणून ठेवावे लागतात. माझा विद्यार्थी या पाटबंधाऱ्यांवर सबंध सुट्टी खर्चून बसला होता.

त्यातील एका तपशिलाने मला विशेष विचार करावयास लावले. जोडून वाजविलेल्या स्वरांचे ध्वनिमुद्रण कळ दाबल्यावर लगेच उमटत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्यात सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा निघून जातो. तुटक स्वरांना तितका वेळ लागत नाही. साहजिकच व्हायोलिने मागे पडतात व ढोल पुढे जातो. यावर उपाय असा, की प्रत्येक ओळीचा उशीर मोजावयाचा आणि ती ओळ तितकी आधी सरकवावयाची. व्हायोलिनांना वेळेवर यावयास शिकविण्यात त्याचे तीन दिवस गेले. जिवंत वाद्यवृंदात हे काम वादक स्वतःच करतो. आपले वाद्य उशिरा बोलते हे त्याला ठाऊक असते, तो कमान किंचित आधी उचलतो, आणि त्याबद्दल कोणी त्याला वेगळे पैसे देत नाही.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढत जाते, परंतु चार वादकांची रचना वाजविण्यास दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे व जितका वेळ लागे, तितकीच माणसे व तितकाच वेळ आजही लागतो. इतरत्र वेतन वाढते म्हणून वादकाचेही वाढवावे लागते, आणि कला सापेक्षतेने महाग होत जाते. वर्गात मी हा सिद्धांत वर्षानुवर्षे शिकवीत आलो. टेम्प्लेट पाहिल्यावर प्रथम वाटले, की बॉमोलच्या दुखण्यावर अखेर औषध सापडले. पण ते व्हायोलिनांचे तीन दिवस मनातून जाईनात. श्रम नाहीसे झाले नव्हते. जागा बदलून एका माणसाच्या रात्रीत येऊन पडले होते. संयोजक, स्वरलेखनिक, संचालक, ध्वनिमुद्रक आणि सत्तर वादक यांची कामे तो एकटा करीत होता, आणि हिशेबाच्या वहीत मात्र एकाच माणसाचे मानधन होते.

मुंबईला हा फरक कळावयास हवा. पन्नाशीच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत चित्रपटसंगीतासाठी भले मोठे वादकसमूह जमत. त्यांचा कणा होता तो गोव्याहून आलेल्या, पाश्चात्त्य स्वरलेखन लीलया वाचणाऱ्या वादकांचा. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी संयोजन केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. याच मुंबईत १९४९ साली आलेले पं. रामनारायण चित्रपटांसाठी सारंगी वाजवीत. व्हायोलिनांच्या रांगेशेजारी सारंगी बसत असे, आणि तिला कोठे बसवावयाचे हा प्रश्न कोणा माणसाला सोडवावा लागे.

टेम्प्लेटमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्यात तिचा रकाना नाही. संगणक व वाद्ये यांच्यातील सांकेतिक भाषा, जिला मिडी म्हणतात, १९८३ साली प्रचारात आली. तिच्यात जोराच्या शून्य ते एकशे सत्तावीस अशा पायऱ्या आहेत आणि स्वर कळफलकाच्या कळांप्रमाणे क्रमांकाने मोजले जातात. मींड तीत बसत नाही असे नाही. वेगळे चाक फिरवून, पुष्कळ खटपट करून बसविता येते. परंतु छापील अर्जात जी माहिती समासात लिहावी लागते ती पुढे कोणी वाचीत नाही, हा अनुभव ज्यांनी कचेरीच्या खिडकीशी घेतला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. जे आखलेले आहे ते वापरले जाते. हॉर्नची ओळ तयार आहे, तर प्रसंग गंभीर झाला की हॉर्न येतो. विद्यार्थ्याने मला त्याची जुनी तीन कामे ऐकविली. विषय तीन होते, आणि हॉर्न तिन्हींत एकाच जागी आला होता.

यावर कोणी म्हणेल, की हा यंत्रद्वेष आहे. १९८२ साली ब्रिटनमधील वादकसंघाच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदी घालण्याची मागणी केली होती आणि तिची पुढे यथेच्छ टिंगल झाली. ती मागणी चूकच होती. ज्या मुलाला वाद्यवृंद उभ्या जन्मात प्रत्यक्ष ऐकावयास मिळाला नसता, तो आज डोंबिवलीच्या खोलीत बसून व्हिओला आणि चेलो यांतील भेद कानाने ओळखतो, ही लहान गोष्ट नव्हे. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. ती कराराविरुद्ध आहे.

हॉलिवुडात ज्याला पॅकेज म्हणतात, त्यात निर्माता रचनाकाराला एकरकमी पैसे देतो आणि ध्वनिमुद्रण, वादक, संयोजन यांचा सर्व खर्च रचनाकाराने त्यातून भागवावयाचा असतो. माझ्या विद्यार्थ्याचे करारही याच धर्तीचे आहेत. आता याचे गणित पाहा. टेम्प्लेटवर झालेला खर्च स्थिर खर्च आहे. तो होऊन गेला. त्यातील व्हायोलिनांकडून आणखी एक ओळ वाजवून घेण्याचा सीमांत खर्च शून्य. उलट एक जिवंत व्हायोलिनवादक बोलवावा तर त्याचे पैसे सरळ रचनाकाराच्या खिशातून, म्हणजे त्याच्या घरभाड्यातून जातात. अशा स्थितीत कोणते संगीत लिहिले जाईल हे सांगावयास रसिकाची गरज नाही. माझा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही ते सांगेल. हा निर्णय अभिरुचीचा म्हणून मिरविला जातो, पण तो झालेला असतो करारपत्रावर.

आणखी एक बाजू आहे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली सादरकर्त्या कलावंताचा हक्क मान्य झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगातील वाट्याची त्याला जोड मिळाली. परंतु ध्वनिसंग्रहात वादकाने सादर केलेले असते ते गीत नव्हे, सुटे स्वर. संग्रह विकत घेणारा ते कितीही रचनांत वापरू शकतो. काही कंपन्या वादकांना विक्रीतला हिस्सा देतात, ही चांगली गोष्ट; पण ती कराराची बाब आहे, आणि करार दुबळ्या पक्षाच्या बाजूने आपोआप झुकत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. वादकांचा खर्च रचनाकाराच्या मानधनातून वेगळा काढावा आणि निर्मात्याच्या अंदाजपत्रकात, जसा वेशभूषेचा असतो तसा, त्याचा स्वतंत्र रकाना असावा. रक्कम थोडी असली तरी चालेल. संगणकावरच्या साठ व्हायोलिनांवर एक खरे व्हायोलिन चढविले तरी सबंध ताफ्यात श्वास येतो, हे या धंद्यातील सर्वांना माहीत आहे. फक्त ते एक व्हायोलिन कोणाच्या पैशाने यावे, एवढाच वाद आहे.

कर्ज घे, असे मी त्या तरुणाला सांगितले. सोबत दोन अटी घातल्या : टेम्प्लेटमध्ये काही ओळी नावाविना कोऱ्या ठेवावयाच्या, आणि पुढच्या करारात वादकांचा खर्च वेगळा मागावयाचा. दुसऱ्या अटीवर निर्मात्याने बरीच कुरकुर केली. अखेर एका चेलोवादकाचे एका दुपारचे पैसे मंजूर केले. वादक आले, त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, “हा स्वर इतका लांब धरायचा, तर कमान कोठे बदलू?” संगणकातल्या चेलोने हे आजवर विचारले नव्हते. दोघांनी मिळून ती जागा शोधली, त्यासाठी स्वर अर्ध्या मात्रेने तोडावा लागला, आणि त्या खंडात नटीचे एक वाक्य जे आजवर संगीताखाली दबत होते, ते मोकळे ऐकू आले.