अकरा महिन्यांचे कूळ

दिवाळीस मुंबईहून पोरे गावी आली म्हणजे पूर्वी ओट्यावर गिरणीच्या गोष्टी निघत. आता खोलीभाड्याच्या निघतात. परळ, लालबाग हा मुलूख गिरणीकामगारांचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. त्या मनोऱ्यांवर रात्री पहारा करणारा मात्र बदलापूर-विराराहून येतो.

भाड्यास आळा घालणारा कायदा नाही काय? आहे. मुंबईत असा पहिला कायदा 1918 साली लढाईच्या महागाईत झाला. 1947 च्या कायद्याने भाडे 1940 च्या दरावर गोठविले. त्यात मालकांची कुचंबणा झाली हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो; पन्नास वर्षे तेच भाडे घेऊन चाळीचे छप्पर कोण शाकारील? 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठविणे आता वाजवी राहिले नाही असे म्हटले. मग 1999 च्या कायद्याने सालीना शेकडा 4 वाढ मान्य केली. ह्या आकड्याशी आमचे भांडण नाही.

भांडण हे की, ज्यास त्याची गरज त्यास तो लागूच नाही! नव्याने खोली घेणारास आज भाडेकरू करतो कोण? अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स'चा कागद होतो. कायद्याच्या लेखी तो भाडेकरू नव्हे, परवानगीने बसलेला इसम. मुदत सरताच मालक मागेल ते द्यावे, नाही तर चालते व्हावे. न हलल्यास दुप्पट भरपाई. आमच्या शाळेतून गेलेल्या एका सुताराच्या पोराने चार वर्षांत चार खोल्या बदलल्या. शेवटच्या वेळी 10,000 चे एकदम 13,000 मागितले. शेकडा 4 ने ते 10,400 झाले असते.

शेतकरी बांधवांस ही युक्ती नवी नाही. आपल्या आजोबांकडून एकसाली कबुलायत लिहून घेत, ती ह्याचसाठी. 1948 च्या कुळकायद्याने दहा वर्षांहून कमी मुदतीचे कूळपण चालणार नाही असे ठरवून ती पळवाट बुजविली. रानातल्या कुळास जे मिळाले ते शहरातल्या कुळास का नको?

मालक घरे कुलूपबंद ठेवतील, अशी भीती घालतात. ठेवोत, रिकाम्या घरावर जबर कर बसवा. पण कागद नवा करताना वाढ शेकडा 4 च्या वर नको, आणि वेळेवर भाडे देणारास सबळ कारणावाचून बाहेर काढू नये. एवढी दुरुस्ती विधिमंडळात मांडणार काय, हे मते मागावयास दारी येणारांस आमच्या वाचकांनी तोंडावर विचारावे. पोरे आपली आहेत.